शेवटची गाडी किती वाजता?

बीड जिल्ह्यातलं धारूर घाटमाथ्यावर वसलं, त्याला कारण आहे. उत्तरेला खाली गोदावरीच्या खोऱ्यातला काळ्या मातीचा सपाट मुलूख, वर बालाघाटाचं पठार, आणि दोन्हींना जोडणारी वाट इथून जाते. ती वाट ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात येणंजाणं. विजापूरच्या आदिलशाहीतल्या किश्वरखानानं 1567 मध्ये इथे किल्ला बांधला, तो हे ओळखूनच. तीन बाजूंना दरी आणि चौथ्या बाजूला खणलेला खंदक, अशी त्याची ठेवण. पुढे तो निजामशाहीकडे गेला, 1631 मध्ये मोगलांनी घेतला, फत्तेहाबाद असं नाव पडलं, इथे टांकसाळही चालली. सत्ता बदलत गेल्या, पण जागेची किंमत एकाच गोष्टीत राहिली: इथे माणसाला अडवता येतं. आज त्याच जागी तालुक्याचं गाव आहे. तहसील आहे, बाजार आहे, शाळा, कनिष्ठ महाविद्यालयं आणि पदवीचं शिक्षणही आहे. डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवरून आणि घाटाखालच्या गावांतून मुलंमुली रोज इथे येतात आणि दिवस मावळायच्या आत परत जातात. अडवण्यासाठी निवडलेल्या जागेनं आता पोचवण्याचं काम करायचं आहे, आणि ते काम आपण नीट हाती घेतलेलंच नाही, अशी माझी तक्रार आहे. माझं म्हणणं असं की धारूरसारख्या गावात कोण किती शिकणार, हे वर्गातल्या जागांपेक्षा आणि फीपेक्षाही एसटीच्या दोन वेळांवर जास्त ठरतं. एक सकाळची पहिली गाडी, दुसरी संध्याकाळची शेवटची. या दोन वेळा ठरवणं हे शिक्षणाचंच काम आहे, आणि ते तसं मानून करायला हवं.

हे म्हणणं सगळ्यांना पटत नाही. न पटणाऱ्यांची बाजू स्टँडसमोरच्या हॉटेलात, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, लग्नाच्या मांडवात कुठेही ऐकू येते, आणि ती पोकळ नाही. त्या बाजूला इथे अण्णा म्हणू. अण्णा अमुक एक माणूस नाहीत. घर चालवलेल्या, लेकरं शिकवलेल्या, उन्हाळे-पावसाळे पाहिलेल्या माणसांचं ते मत आहे, म्हणून त्याला मान देऊनच उत्तर द्यायला हवं.

अण्णांचा पहिला सवाल रस्त्याचा. “गाड्यांचं काय घिऊन बसलात? आधी घाट रुंद करा. रस्ता चांगला झाला की गाड्या आपसूक येत्यात. आन आता तर बीडला रेल्वे बी आली. एकदा ती परळीला भिडली की बघा.” अण्णा, घाटाचं दुखणं खरं आहे, ते मी नाकारत नाही. खामगाव-पंढरपूर हा राष्ट्रीय महामार्ग, क्रमांक 548 सी, माजलगाव-तेलगावकडून घाट चढून धारूरला येतो आणि पुढे केजकडे जातो. घाटातली वळणं अवघड आहेत. गाळप हंगामात तर तेलगावच्या कारखान्याकडे निघालेले ट्रॅक्टर उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या मागे घेऊन याच वाटेनं उतरतात. हा हंगाम नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे नेमका दुसऱ्या सत्राचा, प्रात्यक्षिकांचा आणि बारावीच्या परीक्षेचा काळ. त्यामुळे घाट सुरक्षित व्हायलाच हवा. पण रुंद रस्त्यावर सगळ्यात आधी धावतो तो ज्याच्याकडे वाहन आहे तो. सोनीमोहा, चारदरी, पहाडी पारगाव ही गावं महामार्गाला लागून नाहीत. तिथल्या मुलीसाठी महामार्ग फाट्यावर सुरू होतो, आणि तिचा खरा प्रश्न फाट्यापर्यंतचा आणि फाट्यावरच्या वाट पाहण्याचा आहे. रेल्वेचंही तसंच. अहिल्यानगर-बीड-परळी मार्ग 1995 मध्ये मंजूर झाला, बीडपर्यंत गाडी सुरू झाली 17 सप्टेंबर 2025 रोजी. एका पिढीचं शिक्षण त्या वाट पाहण्यात होऊन गेलं. आणि पुढे तो मार्ग वडवणीवरून परळीकडे जातो. धारूर त्यावर नाही. स्टेशन गाठायलासुद्धा धारूरकराला गाडी लागणारच.

रस्ता असला म्हणजे गाडी येतेच असं नाही, याचा पुरावा फार जुना नाही. करोनाच्या दीड वर्षानंतर 20 ऑक्टोबर 2021 रोजी राज्यातली महाविद्यालयं उघडली. आठवडा-दोन आठवड्यांत एसटी कर्मचाऱ्यांचा संप पेटला, आणि तो पूर्णपणे मिटायला एप्रिल 2022 उजाडला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांबद्दल इथे काही म्हणायचं नाही. त्यांच्या पगाराची दशा जगजाहीर होती. मला दाखवायचंय ते एवढंच, की त्या काळात रस्ते जागच्या जागी होते, महाविद्यालयं उघडी होती, प्राध्यापक हजर होते, पुस्तकं होती. नव्हती ती फक्त गाडी. तेवढ्यानं खेड्यापाड्यातल्या मुलांसाठी उघडलेलं दार पुन्हा लागलं. ज्यांच्या घरी दुचाकी होती ती मुलं आली, बाकीची काळीपिवळीच्या टपाजवळ लोंबकळली किंवा घरी बसली. शिक्षणाच्या साखळीतला कुठला दुवा तुटला की सगळं थांबतं, ते या महिन्यांनी दाखवून दिलं, पण त्यापासून धडा घेऊन वेळापत्रकं बसवली गेली नाहीत.

अण्णा यावर हसून म्हणतात, “आता घरटी फटफटी हाय. पोरगं जातंय किक मारून. एस्टीची वाट कोण बघतंय?” पोरगं जातं, अण्णा. पण ते पोरगं अकरावीत असेल तर सोळा-सतरा वर्षांचं असतं, आणि गिअरची मोटारसायकल चालवायचा परवाना अठराव्या वर्षाआधी मिळत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर तर अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली म्हणून पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजारांचा दंड होऊ शकतो. म्हणजे कनिष्ठ महाविद्यालयाची दोन वर्षं फटफटीवर सोपवणं म्हणजे बापाला रोज कायदा मोडायला लावणं, आणि तेही घाटात, उसाच्या ट्रॉल्यांमधून. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. घरात एक फटफटी असते, आणि ती कोणाला मिळते हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. रानात जायला बापाला, मग थोरल्या मुलाला. मुलीच्या वाट्याला येते ती मागची सीट, आणि तीही भावाला सवड असेल तर.

मुलींच्या बाबतीत प्रवासाचा प्रश्न किलोमीटरचा नसतो, हे आता अभ्यासातूनही पुढे आलं आहे. दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थिनींवर गिरिजा बोरकर यांनी संशोधन केलं. त्यात दिसलं की वाट सुरक्षित वाटावी म्हणून मुली वरच्या दर्जाचं महाविद्यालय सोडून कमी दर्जाचं पत्करतात. मुलं अशी तडजोड फारच कमी करतात. ही मेट्रो आणि शेकडो बसमार्ग असलेल्या शहराची गोष्ट. जिथे पर्याय दोनच, म्हणजे पाचची गाडी किंवा काहीच नाही, तिथे मुलीला कमी दर्जाचं महाविद्यालय निवडायचीही सोय नसते. ती शिक्षणच सोडते. बिहारनं 2006 मध्ये नववीच्या मुलींना सायकली दिल्या. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी त्या योजनेचा अभ्यास केला तेव्हा मुलींची माध्यमिक शाळेतली पटनोंदणी सुमारे 32 टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि शाळा जिथे लांब होती तिथे परिणाम जास्त होता. शाळा होत्या तिथेच होत्या, फक्त जाण्याचं साधन हाती आलं. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकलीसाठी मदत मिळते, पण गंगेच्या सपाटीवरची सायकल बालाघाटाच्या चढावर कामाची नाही. इथे त्या सायकलीची जागा एसटीच घेऊ शकते. त्याच कार्यक्रमातून मागास तालुक्यांत मुलींसाठी निळ्या गाड्या सुरू झाल्या, त्यामागे हाच विचार होता.

इथे अण्णा आवाज जरा चढवतात. “ज्याला शिकायचंय त्याला कोण अडवतंय? लातूरला जा, आंबेजोगाईला जा, संभाजीनगरला जा. खोली करून राहा. आमच्या वेळेला पोरं धर्मशाळेत राहून शिकली.” अण्णांचा हा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे, कारण तो खोटा नाही. अंबाजोगाईत योगेश्वरी संस्थेचं काम 1917 पासून चालू आहे, स्वामी रामानंद तीर्थांनी तिथे शिकवलं, ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय तिथे आहे. लातूरच्या शिकवण्यांना सबंध मराठवाड्यातून मुलं जातात. जी जाऊ शकतात त्यांनी जरूर जावं. पण कोण जाऊ शकतं? हा तालुका ऊसतोड मजुरांचा आहे. दसरा-दिवाळीनंतर नवराबायकोचा कोयता पश्चिम महाराष्ट्राकडे नाहीतर कर्नाटकाकडे निघतो, तो पाडव्याच्या आगेमागे परततो. या पाच-सहा महिन्यांत घर कोण सांभाळतं? म्हातारी आजी आणि तिच्या मदतीला सोळा-सतरा वर्षांची नात. धाकट्या भावंडांचं जेवण, शेळ्या, पाणी हे सगळं तिच्याकडे. ही मुलगी रोज धारूरला येऊन शिकू शकते, पण लातूरला राहून शिकू शकत नाही. तिला खोलीचं भाडं दिलं तरी ती जाऊ शकत नाही, कारण तिच्यावाचून मागचं घर चालत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 मध्ये, बीड जिल्ह्यात 20 ते 24 वयोगटातल्या 43.7 टक्के स्त्रियांचं लग्न अठराव्या वर्षाआधी झालेलं आढळलं. राज्याची सरासरी 21.9 टक्के होती, म्हणजे आपण दुप्पट. याची कारणं पुष्कळ आहेत: स्थलांतर, गरिबी, हुंड्याचा हिशेब, जोडीनं कोयता झाला की मिळणारी आगाऊ उचल. सगळं खापर मी एसटीवर फोडत नाही. पण या कारणांच्या मुळाशी आईबापाच्या मनातली एक भीती असते, आणि ती सगळ्यांना ठाऊक आहे: आम्ही कारखान्यावर असताना पोरगी अंधारात घरी येणार असेल तर तिची जबाबदारी कोण घेणार? शेवटची गाडी चुकली आणि मुलगी फाट्यावर सात वाजेपर्यंत उभी राहिली, असं एकदा झालं की घरात पुढचं बोलणं कॉलेजचं होत नाही, स्थळाचं होतं. म्हणून मुलगी रोज उजेडात घरी पोचेल याची हमी हा बालविवाह रोखण्याच्या कामाचाच भाग आहे, असं मला ठामपणे वाटतं. वसतिगृहांची गरज याने कमी होत नाही. संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ऊसतोड मजुरांच्या मुलामुलींसाठी 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं ठरली, प्रत्येकी शंभरांची. ती सगळी पुरी व्हायला हवीत. पण तालुक्याला शंभर मुलींची सोय झाली तरी बाकीच्या घरूनच येणार.

मग अण्णा खिशावर येतात. “डोंगरातल्या गावाला चार माणसं बसत्यात. रिकामी गाडी फिरवून एस्टी बुडाली ती अशीच. तोट्यात चालवायची तर किती दिवस?” हिशेबाचा हा प्रश्न टाळून चालणार नाही. महामंडळाचा ताफा करोनाआधी सुमारे 18 हजार गाड्यांचा होता, तो पुढे बराच आटला. गाड्या कमी पडल्या की आगार आधी कुठली फेरी कापतं? भारमान कमी असलेली, म्हणजे खेड्यातली. कागदावर ते बरोबर दिसतं. पण हे भारमान कसं मोजलं जातं ते पाहा. सकाळी गावाहून धारूरला येणारी गाडी भरलेली असते, तीच गाडी उलट गावाला जाताना रिकामी असते, म्हणून सरासरी खाली येते. शाळा-कॉलेजच्या फेरीचं रूपच असं एकमार्गी असणार. तिला लांब पल्ल्याच्या गाडीच्या मापानं मोजणं चूक आहे. दुसरं म्हणजे यातलं बरंच भाडं शासन आधीच भरतं. विद्यार्थ्यांच्या पासात 66.67 टक्के सवलत आहे, अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंतच्या मुलींना प्रवास फुकट आहे, 17 मार्च 2023 पासून सगळ्या स्त्रियांना अर्धं तिकीट आहे. या सवलतींचे पैसे शासन महामंडळाला देतं. म्हणजे समाजानं एकदा ठरवलं आहे की या मुलीच्या येण्याजाण्याचा खर्च आपण उचलायचा. एवढं ठरवल्यावर तिची गाडीच रद्द करणं म्हणजे तो ठरावच रद्द करणं. मोफत पास खिशात घेऊन फाट्यावर उभ्या असलेल्या मुलीला आपण काय दिलं?

आणि ही गाडी एकट्या विद्यार्थ्यांची नसते. मुक्कामी गाडी, म्हणजे रात्री गावात थांबून पहाटे निघणारी, ही मराठवाड्यातल्या डोंगरगावांची जुनी सोय. तिच्यामुळे सकाळच्या पहिल्या फेरीसाठी आगारातून रिकामी गाडी पाठवावी लागत नाही. दवाखान्याला निघालेला म्हातारा, तहसीलच्या कामाचा माणूस, बाजाराला भाजी नेणारी बाई तिच्यातच बसतात. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तोडल्यावर दोन-तीन दिवसांत मऊ पडणारं हे फळ, पाटीभर असलं तरी बाजार वेळेवर गाठलाच पाहिजे. यात चालक-वाहकांच्या मुक्कामाची सोय मात्र गावानं करायला हवी. स्वच्छ खोली, पाणी, संडास नसेल तर त्यांनी रात्र गाडीतच काढावी ही अपेक्षा अन्यायाची आहे, आणि पुष्कळ ठिकाणी मुक्काम बंद पडण्यामागे हेही एक कारण असतं. तोट्याची धास्ती घेणाऱ्यांनी हिमाचल प्रदेशाकडे पाहावं. तिथल्या परिवहन महामंडळाचे मार्ग आपल्या घाटापेक्षा कितीतरी अवघड आहेत, तेही नफ्यात नाही, तरी दरीखोऱ्यातल्या गावांपर्यंत त्याच्या गाड्या जातात. डोंगरात शिक्षण पोचवायचं तर गाडी पोचवावी लागते, हे त्या राज्यानं मानलं, आणि साक्षरतेत ते देशात पुढच्या रांगेत आहे. “आता मोबाइलवर सगळं शिकता येतं” या युक्तिवादावर मी थांबत नाही; महाविद्यालयं बंद होती त्या दीड वर्षात त्याचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं.

अण्णांनी एक आक्षेप घेतला नाही, तो मीच घेतो. सगळं एसटीवर का ढकलायचं? महाविद्यालयांनी काय केलं? इथे आम्हा शिकलेल्यांची बाजू लंगडी पडते. महाविद्यालयाचं वेळापत्रक बनतं ते तासिका, प्रयोगशाळा आणि अध्यापकांच्या सोयीनं. फलकावर गाड्यांच्या वेळा लावून त्यावरून तासिका ठरवल्या जाताना सहसा दिसत नाही. प्रात्यक्षिकं दुपारनंतर ठेवली जातात, आणि लांबच्या गावची मुलगी ती अर्धवट सोडून गाडी गाठते. मग 75 टक्के हजेरीचा नियम तिलाच नडतो. 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांत नवीन शैक्षणिक धोरण आलं. त्यानुसार प्रत्यक्ष कामाचा अनुभव, क्षेत्रकार्य, जादा विषय आले. हेतू चांगला आहे, पण प्रत्येक नव्या गोष्टीनं दिवस लांबतो, आणि दिवस लांबला की सगळ्यात आधी लांबच्या गावाचं मूल गळतं. हे मूल आळशी म्हणून गळत नाही, हे हजेरीपुस्तकात कुठेच लिहिलेलं नसतं.

म्हणून जूनमध्ये, वर्ग सुरू व्हायच्या आधी, आगार व्यवस्थापक, शाळा-महाविद्यालयांचे प्रमुख आणि गावोगावचे सरपंच यांनी एका टेबलाशी बसावं. प्रवेश अर्जात गावाचं नाव असतंच. कुठल्या गावचे किती विद्यार्थी, हे महाविद्यालयानं आगाराला लेखी द्यावं. लांबच्या गावांच्या मुलांची प्रात्यक्षिकं सकाळच्या सत्रात घ्यावीत. शेवटची फेरी शेवटच्या तासानंतर अर्ध्या तासानं सुटावी, आणि हिवाळ्यात मुली अंधार पडायच्या आत घरी पोचतील अशा बेतानं तो शेवटचा तासच आधी संपवावा. याला नवा कायदा लागत नाही, मोठा निधी लागत नाही. लागते ती ही बैठक दरवर्षी, न चुकता घेण्याची तयारी.

अण्णा थोडा वेळ गप्प राहतात, मग खरी गोम काढतात. “बैठकीत ठरंल हो सगळं. पर आषाढी आली की गाड्या पंढरपूरला जात्यात. कुणाची सभा असली की गाड्या सभेला जात्यात. तवा कुठली फेरी बंद करत्यात? हीच आमची.” बरोबर आहे, अण्णा. आषाढी जून-जुलैत येते, म्हणजे वर्ग नुकते भरू लागलेले असतात आणि पहिल्या पंधरवड्यात जी मुलगी घरी बसते ती पुष्कळदा बसूनच राहते. वारीला गाड्या गेल्याच पाहिजेत. त्याबद्दल या मुलखात कोणाचं दुमत असणार नाही. पण जादा गाड्यांसाठी कुठल्या फेऱ्या कापायच्या, याचा एक क्रम आगारात लिहून लावता येतो, आणि त्या क्रमात विद्यार्थ्यांची फेरी सर्वांत शेवटी असली पाहिजे. आधी लांब पल्ल्याच्या, जिथे दुसरी गाडी तासाभरात मिळते अशा फेऱ्या कापाव्यात. जिथे दिवसात दोनच फेऱ्या आहेत तिथली एकही नाही. आणि तरीही कापावी लागलीच, तर ते आदल्या दिवशी दुपारच्या आत महाविद्यालयाला कळवावं, म्हणजे मुलींना वर्गातच सांगता येईल आणि त्या दिवसाची त्यांची हजेरी धरता येईल.